आश्रित कोण आणि व्यसनी कोण?

मागच्या वर्षावासातली गोष्ट. अकोल्याला कोर्टाच्या आवारात माझ्या टेबलाशी एक बाई येऊन उभी राहिली. पायात रबरी चप्पल, काखेत प्लास्टिकची पिशवी. 'जय भीम भाऊ' म्हणाली, पिशवी टेबलावर ठेवली आणि बाकावर बसली. पिशवीत कागद होते. सासऱ्याच्या नावाचा तीन एकरांचा सातबारा, सोसायटीच्या थकीत कर्जाचा दाखला, पोलिसांचा मर्ग पंचनामा, शवविच्छेदनाची प्रत, तलाठ्याचा अहवाल आणि शेवटी एका पानाचे पत्र. तिच्या नवऱ्याने कपाशीवर मारायचे औषध पिऊन जीव दिला होता. पत्रात लिहिले होते की सदर प्रकरण मदतीस अपात्र ठरविण्यात येत आहे. कारण तलाठ्याच्या अहवालातले एकच वाक्य : 'मयत हा दारूच्या व्यसनाच्या आहारी गेलेला होता.'

त्याच अहवालात खाली एक रकाना होता. मयतावर अवलंबून असलेल्या व्यक्ती. त्यात पत्नी, दोन मुले आणि म्हातारी सासू अशी चार नावे होती. मी तो रकाना वाचून दाखवला तेव्हा बाईने विचारले, 'भाऊ, आश्रित म्हंजे काय व्हय?' मी सांगितले, ज्याचं पोट दुसऱ्याच्या कमाईवर चालतं तो. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'निंदाले मी जाओ, कापूस येचाले मी जाओ, बचत गटाचा हप्ता मीच भरो. मंग मी आश्रित कायची?'

वीस वर्षे वकिली करतो आहे. आश्रित हा शब्द मी शेकडो अर्जांत लिहिला असेल. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. एकाच फाइलीत दोन अवलंबने नोंदलेली होती. नवरा दारूवर अवलंबून आणि बायको नवऱ्यावर अवलंबून. पहिली नोंद करणाऱ्याने डॉक्टरला विचारले नव्हते, दुसरी करणाऱ्याने बाईला विचारले नव्हते. तेव्हापासून हा शब्द कोणत्या शास्त्रात कसा वापरतात ते शोधत गेलो. जे हाती लागले ते चळवळीतल्या वाचकांपुढे ठेवतो.

आधी वैद्यकाकडे पाहू, कारण मदत नाकारली ती तिथल्या शब्दावरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६४ साली व्यसन आणि सवय या दोन जुन्या शब्दांमुळे होणारा गोंधळ टाळण्यासाठी दोन्ही बाजूला ठेवून 'अवलंबित्व' हा शब्द सुचवला. १९७६ मध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स आणि मिल्टन ग्रॉस या दोघांनी दारूच्या अवलंबित्वाचे वर्णन ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले. पुढे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्याच्या सहा खुणा आल्या. पिण्याची अनावर ओढ लागणे. एकदा सुरू केले की हात न आवरणे. सोडली की अंग थरथरणे, झोप उडणे. तेवढ्याच नशेला दिवसेंदिवस जास्त लागणे. घरदार, काम, करमणूक सारे मागे पडणे. आणि नुकसान डोळ्यांना दिसत असूनही चालू ठेवणे. यांपैकी किमान तीन खुणा एका वर्षाच्या काळात एकत्र दिसल्या तर डॉक्टर अवलंबित्वाचे निदान करतो. म्हणजे माणसाला समोर बसवून, त्याच्याशी बोलून, तपासून करायचे हे निदान आहे.

त्यावरही डॉक्टर मंडळी एकमताने थांबलेली नाहीत. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतून हा शब्द निदान म्हणून काढूनच टाकला. डॉक्टरने लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांना ज्याचे शरीर सरावले आहे अशा रुग्णालाही या शब्दामुळे व्यसनी ठरवले जात होते. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या जागतिक वर्गीकरणात मात्र तो शब्द कायम आहे. मधुमेहाच्या एका प्रकाराला तर कित्येक वर्षे 'इन्सुलिन-अवलंबी' हेच नाव होते. रोज सुई टोचून घेणाऱ्या त्या रुग्णाला आपण व्यसनी म्हणत नाही.

जगभरातल्या तज्ज्ञांनी साठ वर्षे घासूनपुसून वापरलेला हा शब्द आमच्या तालुक्यातला तलाठी दोन शेजाऱ्यांचा जबाब घेऊन एका ओळीत लिहून मोकळा होतो. तेही माणूस मेल्यावर. पंचनाम्यात 'तोंडाला दारूचा वास' असे लिहिलेले असते. अहो, विषाचा डबा तोंडाला लावण्याआधी माणूस पोटात दारू ढकलतो, कारण शुद्धीत ते धाडस होत नाही. शेवटच्या तासातली दारू आणि वर्षानुवर्षांचे अवलंबित्व यांत फरक करायला कोणी डॉक्टरच असावे लागते असे नाही.

आता नियम काय म्हणतो ते पाहा. २००६ सालच्या शासन निर्णयाप्रमाणे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये द्यायचे ठरले. त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेव म्हणून. पात्रतेसाठी तीन गोष्टी पाहिल्या जातात : नापिकी, कर्जबाजारीपणा आणि वसुलीचा तगादा. 'व्यसन असल्यास अपात्र' हा काही चौथा निकष नव्हे. तो आडून येतो. आत्महत्येचे खरे कारण व्यसन होते, शेती नव्हे, असे लिहिले की बाकीचे तिन्ही निकष आपोआप गळून पडतात. म्हणजे एका मरणाला एकच कारण असते असे गृहीत धरायचे आणि ते कारण मेलेल्याच्या चारित्र्यात शोधायचे.

आपल्याला हा युक्तिवाद पटायला नको. प्रतीत्यसमुत्पाद ज्यांनी मुलांना विहारात शिकवला त्यांना तरी नाहीच. हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही. कोणतीही गोष्ट एकट्या कारणातून उपजत नाही. कर्ज होते म्हणून दारू वाढली, दारू वाढली म्हणून कर्ज वाढले, पाऊस गेला म्हणून दोन्ही वाढले. श्रीजित मिश्र यांनी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतर्फे जानेवारी २००६ मध्ये जो अहवाल दिला त्यात वर्धा, वाशीम आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या आत्महत्याग्रस्त १११ कुटुंबांचा अभ्यास होता. शंभरातल्या ८६ घरांत कर्ज सापडले. व्यसन सापडले २८ घरांत. आणि एकेका घरात अनेक कारणे एकत्र होती. २८ चा आकडा लहान नाही, तो मी लपवत नाही. पण ज्या घरात दारू होती तिथे कर्ज नव्हते, असे त्यावरून कोणाला म्हणता येईल?

बरे, दारू हाच आजार होता असे क्षणभर धरू. मग आजाऱ्याला औषध कोणी दिले? अमरावती जिल्ह्यातल्याच ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प दीड वर्ष चालला. गावातल्या माणसांना शिकवून त्यांच्यामार्फत नैराश्य आणि दारूच्या प्रश्नावर समुपदेशन केले गेले. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीत आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चार होते, ते सत्तावीस झाले. आत्महत्येचा विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण शंभरात पाचावरून अडीचवर आले. म्हणजे उपाय सापडत नाही असे नाही. आपल्या जिल्ह्यात तो करून पाहिलेला आहे. बाकीच्या गावांत मात्र उपचार पोहोचायच्या आधी पंचनामा पोहोचतो.

आणि सरकारचे स्वतःचे काय? तिजोरी मद्याच्या महसुलावर किती टेकलेली आहे हे दर अर्थसंकल्पात दिसते. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. २०२५ च्या जूनमध्ये महसूल वाढवण्यासाठीच राज्याने मद्यावरचे शुल्क वाढवले. वर सांगितलेल्या सहा खुणा सरकारला लावून पाहण्याचा मोह होतो. नुकसान दिसत असूनही चालू ठेवणे, ही सहावी तर चपखल बसते.

आता बाईचा प्रश्न. मी आश्रित कायची?

हा शब्द तिच्या माथी आज आलेला नाही. स्वतंत्र भारताच्या पहिल्या जनगणनेत, १९५१ साली, माणसांची वाटणी तीन गटांत केली होती : स्वावलंबी, कमावते आश्रित आणि न कमावते आश्रित. शेतावर राबणारी बायको कमाई पुरेशी नाही म्हणून दुसऱ्या गटात, घरी राबणारी तिसऱ्या गटात. पुढे शब्द बदलले पण दृष्टी फारशी बदलली नाही. २०१० साली अरुणकुमार अग्रवाल विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या खटल्यात न्या. गांगुली यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात यावर कडक शब्दांत लिहिले. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या कोट्यवधी बायकांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्यासोबत 'काम न करणारे' या वर्गात घातले होते, हे त्यांनी दाखवून दिले. त्या खटल्यात अपघातात मेलेल्या गृहिणीच्या श्रमाची किंमत नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरली होती. मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात तसा हिशेबच छापलेला होता. न्यायालयाने रक्कम वाढवून दिली. निकाल वकिलांना पाठ आहे, तालुक्याच्या कचेरीत मात्र त्याचे वारे पोचलेले नाही.

कायद्याची आणखी एक गंमत सांगतो. पोटगी मागणाऱ्या बाईला जुन्या दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ प्रमाणे, आणि १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ प्रमाणे, स्वतःचा चरितार्थ चालवण्यास आपण असमर्थ आहोत असे सांगावे लागते. तीच बाई मुलाचा ताबा मागायला गेली की समोरचा वकील विचारतो, तू सांभाळशील कशाने? सकाळी असमर्थ आणि दुपारी समर्थ. मी दोन्ही बाजूंनी हे प्रश्न विचारलेले आहेत, म्हणून लिहितो. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीला आणि विधवेला मालमत्तेत हक्क द्यायचा आग्रह धरला, आणि बिल रखडले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, ते या भानगडीच्या मुळाशी घाव घालण्यासाठी. सातबाऱ्यावर जिचे नाव आहे तिला कोणी आश्रित म्हणून रकान्यात बसवू शकत नाही. आमच्या फाइलीतल्या बाईचे नाव सातबाऱ्यावर कधीच नव्हते.

अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांचे बालगृह आहे. टाकून दिलेली, अंध, मूकबधिर, मतिमंद मुले त्यांनी वाढवली, आपले आडनाव त्यांना दिले. कायद्याने बालगृहातले मूल अठरा वर्षांचे झाले की बाहेर पडायचे. ज्याला स्वतःचे जेवण स्वतःच्या हाताने घेता येत नाही त्याचे अवलंबन वाढदिवसाच्या दिवशी कसे संपते, हा शंकरबाबांचा सरकारला वर्षानुवर्षांचा सवाल आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्यांची मागणी होती ती कायदा बदलण्याची. त्याच वर्षी त्यांच्याकडे वाढलेल्या एका अंध मुलीने लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण केली. तिला आधी कोणाच्या तरी हाताचा आधार मिळाला म्हणून ती तिथवर गेली.

मानसशास्त्र हेच सांगते. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुलांचा अभ्यास करून दाखवले की ज्या मुलाला आई जागेवर आहे याची खात्री असते तेच मूल अंगणात लांबपर्यंत खेळायला जाते. ज्याला खात्री नाही ते पदर सोडत नाही. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग केले आणि म्हटले की वारंवार सुटका नाकारली तर प्राणी असहायता शिकतो, दार उघडे असले तरी उठत नाही. पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी आपला सिद्धांत उलटा केला. असहायता शिकावी लागत नाही, ती मुळातच येते; शिकावे लागते ते 'माझ्या हातात काही आहे' हे. मला हे वाचताना महाडचे तळे आठवले. ओंजळभर पाण्याने तहान किती भागली असेल ते सोडा, हात पुढे केला की पाणी येते हे माणसे त्या दिवशी शिकली.

आरक्षणाला 'कुबड्या' म्हणणाऱ्यांना इथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. परावलंबी हा शब्द शिवीसारखा वापरण्याची रीत आपल्याकडचीच आहे असे नाही. नॅन्सी फ्रेझर आणि लिंडा गॉर्डन या दोन अमेरिकन विदुषींनी १९९४ साली या शब्दाचा इतिहास लिहिला. पूर्वी नोकर, कूळ, मजूर सगळेच कोणावर तरी अवलंबून असत आणि त्यात लाज नव्हती. पुढे मजुरीला स्वातंत्र्य म्हणू लागले आणि अवलंबन हा शब्द गरीब बाईच्या, त्यातही काळ्या बाईच्या, स्वभावाचा दोष होऊन बसला. आपल्या गावगाड्यात काय वेगळे झाले? गावाची मेलेली ढोरे ओढणारा, सांगावे पोचवणारा, रात्रीचा पहारा देणारा माणूस म्हणे गावाच्या तुकड्यावर जगत होता. एक दिवस त्याने काम थांबवले की कोण कोणावर अवलंबून आहे ते कळायचे, म्हणून तर बहिष्कार पडायचे. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल मांडले. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता, पण प्रश्न तोच. थोड्याशा इनामाच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात रात्रंदिवस राबवून घेणारे हे वतन म्हणजे आधार नसून दावे आहे, हे त्यांना आपल्याच लोकांना पटवून द्यावे लागले. घटनेने दिलेला हक्क मात्र दावे नव्हे. तो मागताना कोणाच्या ओसरीपुढे उभे राहावे लागत नाही.

कापसाबद्दल लिहायचे तर वेगळा लेख होईल. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड घेतला, १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत मँचेस्टरला आपल्या कापसाची गरज लागली आणि ज्वारीच्या रानात कपाशी शिरली. भाव तिकडे ठरणार, पाऊस वरून पडणार, आणि २००२ मध्ये बीटी आल्यापासून बियाणे दरसाल दुकानातून. अर्थशास्त्रात अवलंबनाचा जो सिद्धांत राऊल प्रेबिश वगैरे मंडळींनी लॅटिन अमेरिकेवरून मांडला तो शिकायला अकोल्याच्या माणसाला लांब जायला नको.

आता थोडे आपल्याच घरात. त्या बाईच्या गावी मी गेलो होतो. बौद्ध वस्ती, विहार पक्का, पौर्णिमेला वंदना नियमित. तिथल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला बाजूला घेऊन सांगितले, 'वकीलसाहेब, त्यानं पाचवं शील मोडलं होतं. बावीस प्रतिज्ञा घेऊन पेत होता. त्याच्यासाठी कायले भांडता?' मला वाईट वाटले ते या वाक्याचे. तलाठ्याने एक ओळ लिहिली, आम्हीही मनात तीच ओळ लिहून ठेवली होती. दारू वाईट आहे हे मला सांगायला नको, माझ्या घरातही एक माणूस तिने नेला आहे. गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातले. दारू पिऊ नका आणि कर्ज काढू नका ही दोन्ही वाक्ये ते एकाच कीर्तनात सांगत. पण झिंगलेल्या माणसाला त्यांनी गावाबाहेर काढा असे म्हटल्याचे मी तरी ऐकलेले नाही. शील हे स्वतःला लावायचे माप आहे. ते मेलेल्याच्या विधवेला लावण्याची सोय धम्मात नाही.

आणि जिवंत माणसाबद्दल आणखी एक. आपल्या गावोगावच्या शिबिरांत भंतेजींपुढे शपथ देऊन लोकांना एका दिवसात दारू सोडायला लावतात. भावना चांगली असते. परंतु जो रोज भरपूर पितो त्याने अचानक सोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, वेळेवर उपचार न मिळाल्यास जीवही जातो. शपथेच्या आधी त्याला जिल्हा रुग्णालयात नेऊन दाखवा. सोबत महिला मंडळातल्या दोघी-तिघी त्याच्या घरी जाऊ द्या, कारण बायको काय सहन करते ते ती शिबिरात सांगत नाही.

अमरावतीला १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले तेव्हा कुष्ठरोग्याची ओळख भिकारी हीच होती. तिथे त्यांच्या हातांना काम दिले गेले. ज्या हाताला लोक नाणे लांबून टाकत, तो हात काम करताना दिसू लागला. हे मी मोठेपणा सांगायला लिहीत नाही. कोणाला कोणत्या रकान्यात बसवायचे हे बघणाऱ्याच्या नजरेवर किती असते एवढ्यापुरते.

आमच्या प्रकरणात पुनर्विचाराचा अर्ज जिल्हा समितीकडे दाखल केला आहे. मयताला कोणत्याही डॉक्टरने अवलंबित्वाचा रुग्ण म्हणून कधी तपासलेले नाही, तसा एकही कागद शासनाकडे नाही, सोसायटीचे थकीत कर्ज आणि मागील दोन हंगामांची नापिकी मात्र कागदावर आहे, असे मुद्दे घेतले आहेत. ज्या वाचकांकडे 'व्यसन' या एका शब्दावर अपात्र ठरलेल्या फाइली असतील त्यांनी माहितीच्या अधिकारात तलाठ्याचा अहवाल, पंचनामा आणि समितीच्या बैठकीचे इतिवृत्त या तिन्हींच्या प्रती काढाव्यात. निम्म्या वेळा इतिवृत्तात चर्चाच नसते, नुसती यादी असते. अपिलाला ते फार उपयोगी पडते.

अर्ज भरताना पुन्हा तो रकाना आला. मी आश्रित हा शब्द खोडून 'मयतासोबत शेती कसणारी पत्नी' असे लिहिले. खिडकीवरच्या बाबूने अर्ज परत केला. संगणकात तसा पर्याय नाही म्हणाला. तारीख जाऊ नये म्हणून मी पुन्हा आश्रित लिहिले. बाईने अंगठा नाही लावला, सही केली, सावकाश, पूर्ण नावाची. मग पिशवी काखेत मारून ती बसस्टँडकडे निघाली. दुसऱ्या दिवशी तिला कुणाच्या तरी शेतात निंदणाला जायचे होते.